चाव्यांचा जुडगा आणि साधा कागद



आपल्याकडे घरातलं भांडण टोकाला गेलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "हिला येरवड्याला नेऊन टाका." मुंबईकडची माणसं ठाण्याचं नाव घेतात, विदर्भातली नागपूरचं, कोकणातली रत्नागिरीचं. आपल्या राज्यातली जुनी सरकारी मनोरुग्णालयं याच चार ठिकाणी आहेत, म्हणून त्या गावांच्या नावाच्याच शिव्या झाल्या. आणि क्रियापद बघा: नेऊन 'टाका'. आजारी माणसाला दवाखान्यात आपण नेतो, दाखवतो, भरती करतो. टाकतो ती नको असलेली वस्तू.

मागच्या भागात आपण उदासीच्या आजाराबद्दल बोललो. त्यानंतर बऱ्याच गटांतून एकच प्रश्न आला: बाईला मनोरुग्णालयात भरती केल्यावर तिथे तिचं ऐकतं कोण? डॉक्टर राऊंडला येतात आणि पुढच्या रुग्णाकडे जातात. रात्री दोन वाजता ती घाबरून उठली, पाळी आली, घरी फोन करावासा वाटला, तर समोर असते ती सिस्टर. म्हणून आज आम्ही तुम्हाला सिस्टरची गोष्ट सांगणार आहोत. रुग्णाचे हक्क आज कायद्याच्या पुस्तकात आहेत, पण ते बाईपर्यंत पोचतात की नाही हे पुष्कळसं सिस्टरवर अवलंबून असतं. तिला ते ठाऊक असतील तर पोचतात, नसतील तर वॉर्डाच्या दाराशीच अडतात.

इंग्रजांच्या काळात या दवाखान्यांना 'ल्युनॅटिक असायलम' म्हणत. चंद्राच्या कलांमुळे माणसाला वेड लागतं, या युरोपातल्या जुन्या समजुतीतून तो शब्द आला. आपल्याकडे अमावस्या-पौर्णिमेला अंगात येतं म्हणतात, त्यातलाच प्रकार. साहेबही त्या बाबतीत आपल्या फार पुढे नव्हता. १८५८ साली सरकारनं वेडसर माणसांसाठी कायदे केले आणि १९१२ साली सगळं एकत्र करून 'इंडियन ल्युनसी अॅक्ट' आणला. नातेवाइकानं अर्ज करायचा, डॉक्टरांनी दाखला द्यायचा, दंडाधिकाऱ्यानं हुकूम काढायचा, अशी त्याची रीत होती. हा कायदा बोलतो तो दंडाधिकारी, डॉक्टर, अधीक्षक आणि पाहणीला येणारे अभ्यागत यांच्याबद्दल. आत कोंडलेल्या माणसाला काय वाटतं, हे विचारायची सोय त्यात फारशी नव्हती. वॉर्डात काम करणाऱ्यांना तुरुंगातल्यासारखंच 'वॉर्डर' म्हणत. माणूस पळून जाणार नाही हे बघायचं, दार लावायचं, चाव्या सांभाळायच्या, हे त्यांचं काम. शुश्रूषा हा शब्द तिथे उशिरा आला.

स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी, १९४६ मध्ये, भोर समितीचा अहवाल आला. आज आपण ज्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बाळाला डोस द्यायला नेतो, त्याची कल्पना मांडणारी ती समिती. मनोरुग्णालयांची पाहणी कर्नल मूर टेलर यांनी केली. तेव्हा सगळ्या देशात मिळून १९ मनोरुग्णालयं आणि सुमारे १०,००० खाटा होत्या. लोकसंख्येच्या हिशेबानं ४०,००० माणसांमागे एक खाट. बहुतेक इमारती माणसाला अडकवून ठेवण्यासाठी बांधलेल्या आहेत, बरं करण्याचा विचार त्यांत नाही, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. पुढे १९५४ साली बंगळुरूला अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था उभी राहिली, तिलाच आज निम्हान्स म्हणतात. मनोविकारांच्या शुश्रूषेचं वेगळं शिक्षण परिचारिकांना तिथे त्याच दशकात मिळू लागलं.

पण शिक्षण मिळालं म्हणजे सिस्टरला बोलायची मुभा मिळाली असं नाही. इथे एक बारीक गोष्ट सांगायला हवी, कारण आम्हाला ती कळली तेव्हा बराच उलगडा झाला. जगभरातल्या परिचारिकांची एक आंतरराष्ट्रीय परिषद आहे. तिनं १९५३ साली परिचारिकेची नीतिसंहिता केली. डॉक्टरांच्या आज्ञा समजून घेऊन निष्ठेनं पाळणं हे परिचारिकेचं कर्तव्य आहे, असं त्यात लिहिलेलं होतं. २० वर्षांनी, १९७३ साली, संहिता बदलली. परिचारिकेची पहिली जबाबदारी जिला शुश्रूषेची गरज आहे त्या व्यक्तीशी आहे, असं आता ती सांगू लागली. निष्ठा डॉक्टरांच्या टेबलावरून रुग्णाच्या खाटेकडे सरकली. कागदावर तरी सरकली. आपल्या वॉर्डांमध्ये ती किती सरकली, हे तुम्ही आपापल्या अनुभवानं ठरवा. सुनेनं घरात तोंड उघडायचं नाही, हे ज्या समाजात चालतं, तिथे सिस्टरनं मोठ्या डॉक्टरांना "साहेब, या बाईची संमती घेतलेली नाही" असं म्हणणं सोपं नसतं. तीही कुणाची तरी सून आहे, तिच्याही बदलीची भीती असते, आणि कंत्राटावर असेल तर विचारूच नका.

योगायोग असा, की त्याच १९७३ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानभाग या परिचारिकेवर तिथल्याच एका वॉर्डबॉयनं भयानक हल्ला केला. अरुणा मनोरुग्ण नव्हती. मेंदूला इजा होऊन ती अंथरुणाला खिळली ती कायमची. पण तिची गोष्ट आज इथे हवीच. केईएमच्या सिस्टरांनी पिढ्यान् पिढ्या तिला भरवलं, पुसलं, कूस बदलून दिली. जवळजवळ ४२ वर्षं. तिला दयामरण द्यावं अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली, तेव्हा तिच्या वतीनं बोलायचा अधिकार कुणाचा, हा प्रश्न आला. मार्च २०११ मध्ये न्यायालयानं सांगितलं की रोज तिची काळजी घेणारे केईएमचे कर्मचारीच तिचे खरे जवळचे. त्यांना ती जगायला हवी होती, आणि ती २०१५ च्या मे महिन्यापर्यंत जगली. दयामरणाबद्दल तुमचं-आमचं मत काहीही असो. ज्या बाईला स्वतः बोलता येत नाही, तिच्या बाजूनं सिस्टरचा शब्द देशाच्या सर्वात मोठ्या न्यायालयानं मानला, ही साधी गोष्ट नाही.

आता आपल्याच राज्यातली एक घटना सांगतो, ऐकायला जड आहे. फेब्रुवारी १९९४. शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या मतिमंद मुलींना पुण्याच्या ससून रुग्णालयात नेऊन त्यांची गर्भाशयं काढण्यात आली. कारण काय दिलं, तर त्यांना पाळीतली स्वच्छता सांभाळता येत नाही. स्त्री संघटनांनी रस्त्यावर येऊन आरडाओरडा केला, तेव्हा ते थांबलं. या मुली मतिमंद होत्या, मनोरुग्ण नव्हत्या, हा फरक आपण लक्षात ठेवू; पण विचार करण्याची पद्धत तीच. पाळीचं काम सांभाळणाऱ्यांना नको होतं, म्हणून पाळीच काढून टाकली. ऑपरेशन थिएटरमध्ये सुया-धागे हातात देणाऱ्या, आधी त्या मुलींना आंघोळ घालून तयार करणाऱ्या बायकाच असतील ना? त्यांच्या मनात काय आलं असेल, याचा आम्ही गटात बराच वेळ विचार केला. एकजण म्हणाली, "त्यांना विचारायचंच माहीत नसेल." दुसरी म्हणाली, "माहीत असेल, पण कुणाला विचारायचं?"

या सगळ्या काळात कायदा अगदीच झोपला होता असंही नाही. १९८७ साली मानसिक आरोग्य कायदा झाला. तो लागू व्हायला १९९३ उजाडलं. 'वेडा' हा शब्द गेला, 'मनोरुग्ण' आला. क्रूरपणे वागवू नये, असं कलम आलं. पण भरतीचा अर्ज नवरा, बायको किंवा नातेवाईक करू शकत होता, आणि आपल्या समाजात अर्ज करणारा कोण आणि भरती होणारी कोण, हे आम्ही सांगायला नको. त्याच १९९३ मध्ये मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की कुठलाही गुन्हा न केलेल्या मनोरुग्णाला तुरुंगात ठेवणं बेकायदा आहे. म्हणजे तोवर ठेवत होते. एका बाईनं चिकाटीनं कागद धाडले म्हणून ते उजेडात आलं.

आणि मग एरवाडी. तामिळनाडूत रामनाथपुरम जिल्ह्यात एरवाडी नावाचं गाव आहे. तिथे दर्गा आहे, दर्ग्यात बरं वाटतं म्हणून दूरदूरचे लोक मनोरुग्णांना आणून सोडत. आजूबाजूला खाजगी 'आश्रयगृहं' उभी राहिली होती. ६ ऑगस्ट २००१ ला पहाटे त्यातल्या एका झोपडीवजा घराला आग लागली. आतली माणसं साखळदंडानं बांधलेली होती. २८ जण गेले, त्यांत ११ बायका. साखळी सोडायला तिथे ना सिस्टर होती, ना किल्ली घेऊन धावणारं दुसरं कुणी. सर्वोच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. आम्हाला वाटतं, आजच्या कायद्याचं बी त्या राखेत आहे. २००७ साली भारतानं अपंग व्यक्तींच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार मान्य केला, त्याला जुळेल असा कायदा करणं भाग पडलं, आणि २०१७ साली मानसिक आरोग्य सेवा कायदा आला. २९ मे २०१८ पासून तो लागू आहे.

या कायद्यात काय आहे ते आम्ही सगळं वाचून दाखवणार नाही. ज्या गोष्टी सिस्टरच्या हातातून जातात, तेवढ्याच सांगतो. कुणालाही कसल्याही प्रकारे साखळीनं बांधायचं नाही. एकटं कोंडायचं नाही. हातपाय बांधून ठेवणं हे फक्त जिवावर बेतलं असेल आणि दुसरा काही इलाज नसेल तेव्हाच, तेही मनोविकारतज्ज्ञानं मान्यता देऊन आणि कारण लिहून. शिक्षा म्हणून बांधायचं नाही. आणि पुढचं वाक्य ऐका: माणसं कमी आहेत म्हणूनही बांधायचं नाही. हे ज्यानं लिहिलं त्यानं वॉर्ड पाहिलेला असणार. भरलेल्या वॉर्डात रात्रपाळीला एकच सिस्टर असेल तर ती काय करणार, हे आम्हालाही कळतं. पण कायद्यानं ती अडचण रुग्णाच्या मनगटावरून काढून सरकारच्या डोक्यावर ठेवली आहे. सिस्टरांनी आणि आपण मिळून ती तिथेच ठेवायला हवी.

शॉकचं बोलू या, कारण सिनेमांमुळे त्याची भीती फार. गरज असेल तर शॉक देतात, पण भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक देणं आता बंद आहे. शॉकच्या आधी बाईला उपाशी ठेवतात. ती सकाळी सिस्टरला विचारते, "मला चहा का नाही दिला?" त्या वेळी सिस्टर "गप बस" म्हणते की तिच्या भाषेत सगळं समजावून सांगते, यावर पुष्कळ ठरतं. माहिती रुग्णाला समजेल अशा भाषेत मिळाली पाहिजे, हा हक्क आहे. मेळघाटातल्या कोरकू बाईला शुद्ध मराठीत फॉर्म वाचून दाखवला, तर ती माहिती मिळाली असं होत नाही.

मग राहण्याच्या गोष्टी. डोकं जबरदस्तीनं भादरायचं नाही. स्वतःचे कपडे घालावेसे वाटले तर घालता यावेत, दवाखान्याचा झगा लादायचा नाही. तिच्याकडून काम करून घेतलं तर मजुरी द्यायची. पाळीसाठी लागणाऱ्या वस्तू द्यायच्या. होय, हे कायद्यात लिहिलं आहे, शिरूरनंतर २३ वर्षांनी. तीन वर्षांच्या आतलं लेकरू असेल तर ते आईपासून सहसा तोडायचं नाही. फोन करायचा, भेटायला आलेल्यांना भेटायचं की नाही ते तिनं ठरवायचं. आणि मानसिक आजाराच्या उपचाराच्या नावाखाली नसबंदी करायची नाही.

एक कलम आमच्या फार जवळचं आहे. घरचे न्यायला येत नाहीत, किंवा राहायला घर नाही, एवढ्याच कारणानं कुणाला मनोरुग्णालयात ठेवून घ्यायचं नाही. बरी झालेली बाई तिथेच वर्षं काढते, हे आपल्या राज्यातलं जुनं दुखणं आहे. मनोविकारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांनी मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली, ती अशाच एका बाईच्या प्रकरणावरून: बरी होऊनही ती अनेक वर्षं ठाण्याच्या मनोरुग्णालयातच होती. अशा बाईला कोण ओळखतं? फाइल ओळखत नाही. "ही आता सगळ्या वॉर्डाच्या भाज्या निवडते, नव्या पोरींची समजूत काढते, हिला इथे का ठेवलंय?" हे सिस्टरला दिसतं. तिनं ते बोलून दाखवलं, लिहून ठेवलं, तर सुटकेची गोष्ट निघू शकते.

जाणीव असणं आणि नसणं यात किती फरक पडतो, ते आम्ही एकदा जवळून पाहिलं. आमच्या एका सभासदाच्या नणंदेला घेऊन आम्ही एका रुग्णालयात गेलो. झोप नाही, अन्न नाही, स्वतःशी बोलणं चाललेलं, पण ती स्वतः म्हणत होती, "मला भरती करा, मला बरं व्हायचंय." काउंटरवरच्या सिस्टरनी सांगितलं, नवऱ्याची सही आणा. नवरा टाकून गेल्याला सहा वर्षं झालेली. आम्ही दुपारपर्यंत बाकड्यावर. मग पाळी बदलली. नव्या सिस्टरनी कागद बघितला, बाईला जवळ बसवलं, चार प्रश्न विचारले, आणि म्हणाल्या, "हिला कळतंय की, हिची सहीच चालते." कायद्यात हेच आहे: जिला आपल्या उपचाराचं कळतं, ती सज्ञान बाई स्वतःच्या सहीनं भरती होऊ शकते, आणि शक्य तोवर भरती तशीच व्हावी. दुपारपर्यंत बसवून ठेवणाऱ्या सिस्टर काही वाईट नव्हत्या. त्यांना जुनी रीत पाठ होती, इतकंच. नव्या कायद्याचं प्रशिक्षण कुणाला मिळतं, कुणाला नाही, आणि त्याची फळं बाकड्यावर बसलेल्या बाईला भोगावी लागतात.

कायद्यानं सिस्टरला मानही दिला आहे. राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणावर १५ वर्षांचा अनुभव असलेली एक मानसिक आरोग्य परिचारिका असलीच पाहिजे. १९१२ मध्ये चाव्या सांभाळणाऱ्याला आज निर्णयाच्या टेबलाशी खुर्ची आहे. मात्र तक्रारी ऐकणाऱ्या पुनरावलोकन मंडळावर जिल्हा न्यायाधीश आहेत, जिल्हाधिकाऱ्यांचे प्रतिनिधी आहेत, डॉक्टर आहेत, रुग्ण किंवा त्यांची काळजी घेणारे आहेत. परिचारिकेसाठी राखलेली जागा नाही. ती असायला हवी होती, असं आमचं ठाम मत आहे. वॉर्डातलं खरं-खोटं तिच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार?

आता आपल्या कामाचं. या कायद्यानुसार प्रत्येक सज्ञान व्यक्ती आपला 'नामनिर्देशित प्रतिनिधी' ठरवू शकते. उद्या आपलं मन आजारी पडलं, आपल्याला निर्णय घेता आला नाही, तर आपल्या वतीनं कोण बोलेल, ते आज लिहून ठेवायचं. त्याला स्टॅम्पपेपर लागत नाही. साधा कागद, आणि सही किंवा अंगठा. जिचं नाव लिहिलं तिनं मात्र हो म्हटलं पाहिजे, तेही लेखी. ती नातेवाईकच असली पाहिजे असं बंधन नाही. नवरा असू शकतो, बहीण असू शकते, गटातली मैत्रीणसुद्धा असू शकते. दवाखान्यात बांधून ठेवायची वेळ आली तर या व्यक्तीला २४ तासांच्या आत कळवावं लागतं. मंडळाकडे अर्ज करायला फी नाही. मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी १५१०० हा क्रमांक. मनाच्या त्रासाबद्दल बोलायचं असेल तर टेलिमानसचा १४४१६, तोही मोफत, रात्री-अपरात्रीही चालतो.

आमच्या प्रभागातल्या काही गटांनी मासिक बैठकीत हे कागद लिहायला घेतले. बचतीची वही बाजूला ठेवली आणि वहीतलीच पानं फाडली. बऱ्याच जणींनी नवऱ्याचं नाव लिहिलं, काहींनी आईचं. एक म्हातारी सभासद खूप वेळ पेन धरून बसली, मग सुनेचं नाव सांगितलं, तेव्हा सून तिथेच रडायला लागली. ग्रामीण रुग्णालयातल्या एका सिस्टरला आम्ही मुद्दाम बोलावलं होतं. त्यांनी कागद वाचले, एक-दोन ठिकाणी तारीख नव्हती ती टाकायला लावली, आणि म्हणाल्या की झेरॉक्स काढून एक प्रत प्रतिनिधीकडे द्या, नाहीतर ऐनवेळी ट्रंकेत सापडत नाही. तेवढ्यात मागून एकीनं विचारलं, "मी आज जावेचं नाव लिहिलं आणि उद्या आमचं भांडण झालं तर?" सिस्टर हसल्या. "फाडायचं आणि दुसऱ्या कागदावर दुसरं नाव लिहायचं. कायद्यात तशी सोय आहे, हवं तेव्हा बदलता येतं."

जावेचं नाव तिनं तसंच ठेवलं. पुढच्या भागात आपण पुनरावलोकन मंडळाकडे अर्ज कसा करायचा, ते एक-एक ओळ वाचत बघू. वही-पेन घेऊन बसा.